रिफ्लक्स कायम की शुद्धता कायम?

लोटे परशुराम किंवा महाडच्या एमआयडीसीत बॅच कॉलमवर (एका वेळी एक घाणा उकळवून ऊर्ध्वपातन करणाऱ्या उभ्या मनोऱ्यावर) मिथेनॉल-पाणी वेगळं करताना ‘कॉलम सेट केलाय’ असं कुणी म्हटलं, तर आधी विचारावं: सेट काय केलंय? रिफ्लक्स, म्हणजे थंड होऊन द्रव झालेल्या बाष्पापैकी कॉलममध्ये परत सोडलेला भाग भागिले बाहेर काढलेला माल, की वरच्या मालाची शुद्धता?

रिफ्लक्स कायम असेल, तर टायमर एकदाच लावायचा: ६ सेकंद कॉलममध्ये परत, ३ सेकंद रिसीव्हरला (माल जमा होणाऱ्या टाकीला), म्हणजे रिफ्लक्स २. सुरुवातीचा माल गरजेपेक्षा शुद्ध येतो, शेवटचा कमी. इथे रिसीव्हरमधल्या सगळ्या मालाची सरासरी बघायची. वरचं सॅम्पल फेल झालं म्हणून बॅच थांबवली, तर विकता आलं असतं असं मिथेनॉल केटलमध्येच (खालच्या उकळत्या भांड्यातच) राहतं.

शुद्धता कायम ठेवायची, तर केटलमधलं मिथेनॉल घटेल तसा रिफ्लक्स वाढवत न्यावा लागतो. त्याची किंमत वाफेत मोजावी लागते. रिफ्लक्स २ असताना १ किलो मालासाठी ३ किलो बाष्प वर चढवावं लागतं. त्याला स्टीम लागते साधारण दीड किलो. रिफ्लक्स ९ झाला की १० किलो बाष्प आणि ५ किलोच्या वर स्टीम. शेवटचा तास बॉयलर जोरात आणि रिसीव्हरमध्ये धार बारीक, असं होतं ते यामुळे.

शुद्धता कॉलमच्या वरच्या तापमानावरून जोखायची, तर या पद्धतीचा खरा घात करतं ते हेच तापमान. शुद्ध मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि वजनाने ९७ टक्क्यांवर घसरलं तरी तापमान थोडंसंच चढतं. त्यात कोकणात पावसाळ्यात हवेचा दाब हिवाळ्यापेक्षा सुमारे १० मिलिबारने उतरतो, म्हणजे उत्कलनबिंदू पाव अंशाने खाली. सेटपॉइंट जानेवारीचाच ठेवला, तर जुलैत तेच तापमान दाखवत पाणी वर येतं. म्हणून सेन्सर माथ्यावर न ठेवता काही ट्रे (कॉलममधले आडवे थर) खाली, जिथे तापमान झपाट्याने बदलतं तिथे ठेवावा; पाणी चढू लागल्याचं तिथे आधी कळतं.

इष्टतम नियंत्रण या दोन्हींपेक्षा वेगळं. त्यात आधी उद्दिष्ट ठरतं, उदाहरणार्थ ठरलेल्या वेळेत आणि सरासरी शुद्धतेत जास्तीत जास्त माल. मग पाँट्र्यागिन या गणितज्ञाच्या तत्त्वाने, रिफ्लक्स वेळेनुसार कसा बदलायचा याचा वक्र काढतात. तो बहुधा हळूहळू चढतो, पण शुद्धता कायम ठेवण्याइतका नाही. मिथेनॉल-पाण्यासारख्या सोप्या जोडीत त्याचा फायदा थोडाच. तिथे टायमरच्या दोन-तीन पायऱ्या पुरतात. उत्कलनबिंदू जवळजवळ असले, तर मात्र वक्र काढण्याचे कष्ट जरूर घ्यावेत.