आधी भांडवल, मग वर्ग

बिझनेस स्कूलं मुळात मालक घडवायला निघालेली नव्हती. १९०८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूल सुरू झालं तेव्हा अमेरिकेत अवाढव्य कंपन्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्या चालवायला शिकलेली माणसं हवी होती. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं ही शाळा दुसऱ्याचा धंदा नीट कसा सांभाळावा हेच शिकवत राहिली. स्वतःचा धंदा काढणं हा वर्गाचा विषय असू शकतो, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आलं ते युद्धानंतर. १९४७च्या फेब्रुवारीत प्राध्यापक माइल्स मेस यांनी तिथे नव्या उद्योगांच्या व्यवस्थापनावर एक कोर्स लावला आणि त्याला १८८ विद्यार्थ्यांनी नावं नोंदवली. आघाडीवरून परतलेले, वयाने मोठे, पुन्हा कुणाच्या हाताखाली जायला फारसे उत्सुक नसलेले बरेच जण त्या वर्गांत होते. उद्योजकता शिक्षणाचा इतिहास सांगणारे सहसा इथूनच सुरुवात करतात, पण एक वर्ष मागे गेलं तर चित्र जास्त स्पष्ट होतं. १९४६ साली बोस्टनमध्ये अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट ही कंपनी स्थापन झाली. नव्या, बेभरवशाच्या उद्योगांत पैसे घालणं हेच तिचं काम. तिचे सूत्रधार जॉर्ज डोरियो हे याच शाळेतले प्राध्यापक. १९५७ साली या कंपनीने डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन नावाच्या नवख्या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले आणि पुढे त्याचे कोट्यवधी झाले. म्हणजे नव्या धंद्यात पैसा घालणारे आधी उभे राहिले, वर्ग मागून भरला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण आपल्याकडेही तो पुन्हा पुन्हा दिसतो.

भारतात बिझनेस स्कूल आलं ते अमेरिकेचं बोट धरून. १९६१ साली अहमदाबादच्या आयआयएमला हार्वर्डची मदत झाली, कोलकात्याच्या आयआयएमला एमआयटीची, आणि १९६५ साली मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू झाली. कंपन्यांपुढचे खरे प्रसंग वर्गात चर्चेला घेणारी केस पद्धत आली, मागोमाग प्लेसमेंटही आलं. मेस यांच्या वर्गाची कल्पना मात्र तेव्हा इथे रुजली नाही, आणि त्यात नवल नाही. १९५१च्या उद्योग कायद्याने मोठा कारखाना काढायला परवाना लागत होता. दिल्लीचे उंबरे झिजवण्यापेक्षा बड्या कंपनीतली खुर्ची कधीही बरी, हा हिशेब पदवीधर मुलाला कुणी शिकवावा लागत नव्हता.

उद्योजकता शिकवण्याचा पहिला मोठा प्रयोग इथे झाला तो बिझनेस स्कूलच्या बाहेर, आणि केला एका मानसशास्त्रज्ञाने. हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलंड यांचं म्हणणं असं, की काही माणसांमध्ये काहीतरी साध्य करून दाखवण्याची ओढ जास्त असते आणि ती प्रशिक्षणाने वाढवता येते. १९६४ साली त्यांनी आंध्रातल्या काकीनाड्याचे व्यापारी-कारखानदार निवडले आणि हैदराबादच्या लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेत त्यांचे निवासी वर्ग घेतले. तिथे हिशेबाची वही किंवा कर्जाचा अर्ज शिकवत नव्हते. एक मोघम चित्र समोर ठेवायचं आणि त्यावर गोष्ट लिहायला सांगायची. गोष्टीतला माणूस काही ठरवून करू पाहतो, की नशिबाला बोल लावत बसतो, यावरून लिहिणाऱ्याची ओढ मोजायची.

दुसरा खेळ रिंगचा. जमिनीत खुंटी, हातात रिंग, आणि कुठून फेकायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. अगदी जवळ उभं राहिलं तर लहान मूलही जिंकेल, फार लांबून लागली तर तो मटका. ज्याला खरंच करून दाखवायचं असतं तो मधलं अंतर निवडतो, एकदोन फेकी चुकल्या की अर्धं पाऊल पुढे सरकतो, असा मॅक्लेलंड यांचा आडाखा. हा खेळ आपल्याकडच्या उद्योजकता वर्गांमध्ये पुढे अनेक वर्षं चालत आला. त्याच्या जोडीला लाकडी ठोकळ्यांचा: डोळ्यांवर पट्टी बांधून, डाव्या हाताने ठोकळ्यावर ठोकळा चढवायचा, आणि आधी सांगायचं की किती चढवणार.

काकीनाड्यात दोनेक वर्षांनी पाहणी झाली. वर्ग केलेले व्यापारी वर्ग न केलेल्यांपेक्षा जास्त हातपाय मारताना दिसले. निष्कर्षावर वाद झाले, ते व्हायलाच हवेत. पण शिकवलेले आणि न शिकवलेले अशी तुलना मुळातून आखलेली होती, ही गोष्ट मला त्या खेळांपेक्षा महत्त्वाची वाटते.

हे बी उगवलं गुजरातेत. १९६९च्या सुमारास तिथल्या राज्य औद्योगिक गुंतवणूक महामंडळाने तंत्रज्ञांसाठी एक योजना काढली: शिक्षण आहे, कल्पना आहे, पण घरात भांडवल नाही, अशांना प्रकल्पासाठी पूर्ण अर्थसहाय्य. आता कर्ज द्यायचं ठरलं की पुढचा प्रश्न येतोच. द्यायचं कुणाला? तारण बघायचं नाही तर माणूस बघावा लागणार. निवड आणि प्रशिक्षण यांची गरज इथे भासली, आणि १९७०पासून डॉ. व्ही. जी. पटेल यांच्या पुढाकाराने उद्योजकता विकासाचे कार्यक्रम सुरू झाले. मॅक्लेलंड यांची प्रेरणा त्यात होती, शिवाय बाजाराची पाहणी, प्रकल्प अहवाल, बँकेची गाठभेट हा व्यवहारी भागही जोडला गेला. धंदेवाईक घराण्यांबाहेरचे नोकरदार, अभियंते त्यातून पुढे आले. १९८३ साली आयडीबीआय, आयएफसीआय, आयसीआयसीआय आणि स्टेट बँक यांनी मिळून अहमदाबादला भारतीय उद्योजकता विकास संस्था उभी केली. प्रवर्तकांची यादी पाहा: चारही कर्ज देणाऱ्या संस्था.

महाराष्ट्रात याच वळणावर १९८८ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र निघालं. ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे पालुपद आपण किर्लोस्करवाडी डोळ्यांसमोर असूनही आळवत आलो. या केंद्राने निदान ते जिल्ह्याच्या गावी नेऊन तपासलं. तिथल्या वर्गांचं एक वास्तव मात्र कुणीही सांगेल. प्रेरणेच्या तासाला जांभया, आणि सबसिडी कुठल्या योजनेत किती, हा तास आला की खुर्च्या कमी पडतात.

आयआयएमसारख्या संस्था या वाटेला जोमाने लागल्या त्या १९९१ नंतर, परवाने गेल्यावर आणि सॉफ्टवेअरचा पैसा दिसू लागल्यावर. बंगळूरच्या आयआयएममध्ये २००० साली एनएसआरसीईएल हे उद्योजकता केंद्र सुरू झालं. त्यातलं एनएसआर म्हणजे इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी एन. एस. राघवन, देणगी त्यांचीच. अहमदाबादच्या आयआयएममधलं सीआयआयई हे २००२च्या सुमाराचं, आधी अभ्यासापुरतं, आणि २००७पासून नवे उद्योग प्रत्यक्ष पोसणारं. पवईच्या आयआयटीतलं साइन हे असंच केंद्र २००४चं.

वर्गात काय शिकवायचं हेही याच काळात बदललं. १९८४ साली टेक्सास विद्यापीठात सुरू झालेल्या स्पर्धेपासून बिझनेस प्लॅनला भलतंच माहात्म्य आलं होतं. पाच वर्षांचे अंदाज, सुबक तक्ते, परीक्षकांपुढे सादरीकरण. २००१ साली सरस सरस्वती यांनी या समजाला धक्का दिला. नोबेल विजेते हर्बर्ट सायमन यांच्या हाताखाली त्यांनी २७ मुरलेल्या उद्योजकांपुढे एका काल्पनिक उत्पादनाचे प्रश्न ठेवले आणि मोठ्याने विचार करायला लावला. ही माणसं बाजारपेठेचे आकडे मांडून ध्येय ठरवत नव्हती. आपण कोण, आपल्याला काय येतं, आपण कुणाला ओळखतो, आणि किती बुडालं तर चालेल, इथून ती निघत होती. गावच्या दुकानदाराला यात नवं काही वाटणार नाही. एमबीएच्या वर्गाला वाटलं. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात शिकवणाऱ्या सरस्वतींनी पुढे बंगळूरच्या आयआयएममध्येही अध्यासन भूषवलं.

मग इन्क्युबेटरांचं, म्हणजे नवे उद्योग पोसणाऱ्या अशा केंद्रांचं, पेव फुटलं, त्यालाही कायद्यातली एक ओळ कारण झाली. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार, केंद्र सरकारने मान्य केलेल्या शैक्षणिक संस्थांमधल्या तंत्रज्ञान इन्क्युबेटरला दिलेला पैसा सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांना समाजकार्यावर करावा लागणाऱ्या खर्चात, धरला जाऊ लागला. १६ जानेवारी २०१६ला केंद्र सरकारचं स्टार्टअप इंडिया जाहीर झालं, त्याच वर्षी केंद्राचंच अटल इनोव्हेशन मिशन आलं, आणि महाराष्ट्राच्या २०१६च्या विद्यापीठ कायद्याने नवोपक्रमासाठी प्रत्येक विद्यापीठात वेगळं मंडळ ठेवायला सांगितलं. फलक सगळीकडे लागले. काही ठिकाणी आत खरंच काम चालतं, काही ठिकाणी फलक, चार संगणक आणि मूल्यांकन समितीच्या भेटीपुरती साफसफाई.

बिझनेस स्कूलने दिलेल्या मदतीपैकी मला सर्वांत कामाची वाटते ती यातली कुठलीच नाही. काही आयआयएममध्ये स्वतःचं काही करू पाहणाऱ्याला प्लेसमेंटला न बसता बाहेर पडता येतं, आणि जमलं नाही तर साधारण दोन वर्षांच्या आत परत येऊन मुलाखती देता येतात. डोक्यावर शैक्षणिक कर्ज असलेल्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना ही मुभा कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त समजते.

या सगळ्याचा उपयोग किती झाला, हे ठरवणं अवघड आहे. इन्क्युबेटरांच्या वार्षिक अहवालांत किती स्टार्टअप दाखल झाले आणि त्यांनी किती निधी उभारला याचे आकडे असतात. दाखल न झालेल्या तशाच स्टार्टअपांचं काय झालं, ही काकीनाड्यात केलेली तुलना त्या अहवालांत सहसा सापडत नाही.