22 मिलिसेकंदांत मावणारा गोदाघाट

गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की नाशिकमध्ये क्युसेकचे आकडे फारसे कुणी लक्षात ठेवत नाही. लोक विचारतात, ‘दुतोंड्याला पाणी कुठवर आलं?’ गोदाघाटावरच्या या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत चढणारं पाणी ही शहराची पूर मोजायची जुनी रीत आहे. आता समजा, रामकुंड, भोवतालची देवळं, घाटाच्या पायऱ्या आणि हा दुतोंड्या मारुती असा सगळा परिसर कुणी आभासी जगात उभारायला घेतला. माणसं घरबसल्या आपापला अवतार घेऊन तिथं येतील, पायऱ्यांवरून हिंडतील, तिन्हीसांजेला पाण्यात दिवे सोडतील. खऱ्या गोदावरीला पूर आला की तिथलं पाणीही चढेल.

देवळं आणि पायऱ्या रचायला चिकाटी लागते, पण ते जमतं. खरी अडचण पुढे येते. पाणी चढलं हे त्या आभासी मारुतीला कळणार कसं? त्यासाठी वस्तूच्या पोटात एक छोटा प्रोग्रॅम ठेवावा लागतो, त्याला स्क्रिप्ट म्हणतात. स्क्रिप्टला काय करता येईल हे त्या जगाच्या निर्मात्यांनी दिलेल्या फंक्शनांवर, म्हणजे तयार आज्ञांवर ठरतं. हवं ते फंक्शन नसेल तर वस्तू बनवणारे ते मागतात. सर्व्हर, म्हणजे ते जग चालवणारे संगणक, सांभाळणारे म्हणतात, नको, सगळं जग रखडेल. दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं. पण या हिशेबात एक रक्कम बहुतेक वेळा धरलीच जात नाही, आणि ती म्हणजे फंक्शन न दिल्यामुळे सर्व्हरवर पडणारा भार. तो भार किती मोठा असतो हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

आधी सर्व्हरचं काम कसं चालतं ते पाहू. सेकंड लाइफ हे आभासी जग अमेरिकेतल्या लिंडन लॅबने 2003 साली सुरू केलं. तिथली जमीन 256 मीटर बाजूच्या चौकोनांत विभागलेली आहे. असा एक चौकोन म्हणजे एक प्रदेश, साधारण 16 एकरांचा. प्रत्येक प्रदेशासाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र सिम्युलेटर चालतो आणि तो सेकंदाला 45 वेळा जग एकेक पाऊल पुढे नेतो. एका पावलाला 22 मिलिसेकंद आणि वर थोडा वेळ मिळतो. तेवढ्यात कोण कुठे चाललंय, काय कशावर आदळलंय याचं भौतिकशास्त्र सोडवायचं, अवतारांची माहिती प्रत्येकाच्या संगणकाकडे धाडायची, आणि उरलेल्या वेळात स्क्रिप्ट चालवायच्या.

स्क्रिप्टच्या वाट्याला येतो तो उरलेला वेळ. समजा, बाकीची कामं 14 मिलिसेकंदांत आटोपली, तर स्क्रिप्टना आठ मिळतील. घाटावर 3,000 स्क्रिप्ट असतील आणि काहीही न करता नुसतं बसून राहायलाही प्रत्येकीला 2 मायक्रोसेकंद लागत असतील, तर सहा मिलिसेकंद तिथंच संपले. खऱ्या कामाला दोन उरले. ज्यांचा नंबर लागला नाही त्या पुढच्या पावलाची वाट पाहतात. दार उघडायला वेळ लागतो, दिवा उशिरा पेटतो, आणि लोक ‘लॅग’ म्हणून कपाळाला हात लावतात. भौतिकशास्त्राचंच काम वेळेत आवरेनासं झालं तर सिम्युलेटर त्या प्रदेशाचा काळच मंदावतो. ईव्ह ऑनलाइन या अंतराळयुद्धाच्या खेळात हा उपाय जाणूनबुजून वापरतात. प्रचंड लढाई जुंपली की तिथला काळ नेहमीच्या वेगाच्या दहा टक्क्यांपर्यंत खाली आणला जातो. जानेवारी 2014 मधली तिथली एक लढाई 21 तासांच्या आसपास चालली.

मग जड स्क्रिप्ट आधीच ओळखून तिला बाहेर का ठेवत नाहीत? इथं गणित आडवं येतं. ॲलन ट्युरिंगने 1936 साली सिद्ध केलं की कुठलाही प्रोग्रॅम तपासून तो कधीतरी थांबेल की कायम चालत राहील हे दरवेळी अचूक सांगणारी एकच रीत असूच शकत नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण सर्व्हर चालवणाऱ्याची हतबलता त्यात नेमकी दिसते. लाखो अनोळखी लोकांनी लिहिलेला कोड त्याला चालवायचा आहे आणि त्यातला कुठला घात करेल हे आधी कळायची सोय नाही. म्हणून तो शिधा ठरवून देतो. प्रत्येक स्क्रिप्टला थोडा थोडा वेळ आळीपाळीने मिळतो. मेमरी मोजून मिळते, पूर्वी 16 किलोबाइट आणि 2008 साली मोनो ही नवी यंत्रणा आल्यापासून 64. एका स्क्रिप्टच्या रांगेत 64 घटना थांबू शकतात, त्यापुढच्या गळून जातात.

सेकंड लाइफच्या निर्मात्यांनी आणखी एक युक्ती केली. काही फंक्शनांना सक्तीची डुलकी जोडून दिली. स्क्रिप्टने ईमेल पाठवला की तिला 20 सेकंद झोप. वस्तूची जागा बदलली किंवा तिच्यातला प्रकाश पेटवला की 0.2 सेकंद झोप. झोपलेली स्क्रिप्ट सर्व्हरला सतावत नाही, हा विचार वरवर पटण्यासारखा आहे.

प्रत्यक्षात काय झालं ते पाहण्यासारखं आहे. लोकांनी एका वस्तूत दहा दहा स्क्रिप्ट ठेवल्या. एक झोपली की दुसरीने ईमेल पाठवायचा, ती झोपली की तिसरीने. आपल्या घाटावरच्या दिव्यांचं उदाहरण घ्या. 100 दिवे एकत्र जोडून त्यांची एक वस्तू केली आणि सगळे एका वेळी उजळायचे असतील, तर एकाच स्क्रिप्टने दर दिव्यामागे 0.2 सेकंद झोपून चालणार नाही. शेवटचा दिवा लागेपर्यंत 20 सेकंद जातील. म्हणून प्रत्येक दिव्यात एकेक स्क्रिप्ट ठेवायची आणि त्या सगळ्यांना निरोप देणारी एक मुख्य स्क्रिप्ट वेगळी. एकूण 101. प्रत्येकीची मेमरी वेगळी, बसून राहण्याचा खर्च वेगळा, निरोप वाचून तो आपल्यासाठी आहे का हे ठरवण्याचं कामही वेगळं. हाच प्रकार दागिन्यांत आणि कपड्यांत झाला तर अवतार एका प्रदेशातून दुसऱ्यात पाऊल टाकतो तेव्हा या सगळ्या स्क्रिप्टची गाठोडी बांधून पलीकडच्या सिम्युलेटरकडे पाठवावी लागतात आणि तिथं ती पुन्हा सोडावी लागतात. भार टाळण्यासाठी घातलेल्या बंधनाने भार कितीतरी वाढवून ठेवला.

2010 च्या सुमारास यावर नवं फंक्शन आलं. त्याच्या नावाच्या शेवटी ‘फास्ट’ आहे आणि त्याला डुलकी नाही. एकच स्क्रिप्ट जोडलेल्या अनेक भागांचा रंग, आकार, जागा एका हाकेत बदलू शकते. कागदावर पाहिलं तर हे फंक्शन जुन्यापेक्षा धोकादायक आहे, कारण वेगाने वापरण्यापासून ते कुणाला अडवत नाही. पण त्यामुळे 101 स्क्रिप्टच्या जागी एक पुरते. असं उदाहरण समोर असताना ‘नवं फंक्शन म्हणजे नवा भार’ हे सरळ समीकरण मला मान्य होत नाही.

मारुतीला पाण्याची पातळी कळण्याचा प्रश्नही याच जातीचा आहे. बाहेरच्या संगणकाला स्क्रिप्ट स्वतःहून विचारू शकते, ‘पाणी वाढलं का?’ दर दहा सेकंदांनी विचारलं तर दिवसात 8,640 वेळा विचारलं जाईल, आणि उन्हाळ्यात प्रत्येक वेळी उत्तर एकच येईल. 2009 साली सेकंड लाइफमध्ये उलट दिशेची सोय झाली. स्क्रिप्ट स्वतःसाठी एक वेब-पत्ता मागून घेते आणि बाहेरचा संगणक पातळी बदलल्यावरच त्या पत्त्यावर निरोप धाडतो. तोवर स्क्रिप्ट शांत असते. या सोयीसाठी लिंडन लॅबला सर्व्हरमध्ये बरंच काम करावं लागलं असणार, पण त्या बदल्यात सतत टकटक करणाऱ्या कित्येक स्क्रिप्टची गरज संपली.

गर्दी मोजणं हा यातला सगळ्यात कठीण भाग. स्क्रिप्टला आसपास कोण आहे ते शोधणारा ‘सेन्सर’ मिळतो, त्याची पोहोच 96 मीटरपर्यंत. घाटावर 100 वस्तू आहेत, प्रत्येक वस्तू दर सेकंदाला सेन्सर फिरवते आणि समोर 100 अवतार आहेत, तर सेकंदाला 10,000 तपासण्या झाल्या. दोन्ही दुप्पट झाले की 40,000. पर्वणीच्या दिवशी, म्हणजे लोक सगळ्यात जास्त असताना आणि वेळ सगळ्यात कमी असताना, हा आकडा फुगतो.

नाशिककरांना यावरचा उपाय ओळखीचा वाटेल. 2015 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने इथं झालेल्या कुंभथॉन उपक्रमातून पायाखालच्या दाबावरून माणसं मोजणारी चटई तयार झाली होती. सगळ्या मैदानावर नजर फिरवून डोकी मोजायची नाहीत, वाटेवर चटई अंथरायची, पाऊल पडलं की नोंद होईल. आभासी जगातही अशी चटई घालता येते. अदृश्य वस्तूतून अवतार गेला की तिच्या स्क्रिप्टला ‘कुणीतरी शिरलं’ अशी सूचना मिळते. कोण कशाला टेकतंय हे भौतिकशास्त्राचं इंजिन दर पावलाला पाहतच असतं, त्यामुळे वरखर्च थोडाच येतो. प्रदेशातल्या सगळ्या अवतारांची यादी एका झटक्यात देणारं फंक्शनही नंतर आलं. ती यादी सिम्युलेटरकडे तयारच असते. आधी ती मिळवण्यासाठी लोक ठिकठिकाणी सेन्सर पेरत होते.

म्हणून कुठलंही नवं फंक्शन समोर आलं की मी आधी हे विचारेन, की ते देणार असलेली माहिती सर्व्हरकडे आधीच आहे का, की दर वेळी नव्याने शोधावी लागेल? आधीच असेल तर अडवून धरण्यात अर्थ नाही, लोक ती महागड्या आडवाटेने काढतीलच. शोधावी लागणार असेल तर मग काम कशाच्या प्रमाणात वाढतं ते पाहायचं. आभासी जगात एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत काल्पनिक किरण सोडून मध्ये काय आडवं येतं ते सांगणारं फंक्शन 2011 साली आलं. घाटावरून मारुती दिसतो का, हे त्याने कळेल. वाटेत गुंतागुंतीची देवळं असतील तर मात्र तो किरण महाग पडतो. म्हणून त्याला वेळेची मर्यादा घातली आहे, आणि ती ओलांडली की फंक्शन ‘वेळ संपला’ असा सांकेतिक आकडा परत देतं. हा मार्ग मला डुलकीपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो. काय घडलं ते स्क्रिप्टला कळतं आणि पुढे काय करायचं ते लिहिणारा ठरवू शकतो.

सर्व्हरवाल्यांची भीतीही खोटी नाही. नोव्हेंबर 2006 मध्ये सेकंड लाइफमध्ये स्वतःच्याच प्रती काढत सुटणाऱ्या सोनेरी कड्यांचा सुळसुळाट झाला आणि काही काळ लोकांना आत येणंच बंद करावं लागलं. वस्तूतून वस्तू निर्माण करणारं साधं फंक्शन त्याला पुरलं. तेच फंक्शन कारंजी उडवतं आणि आपल्या घाटावर प्रत्येकाच्या हातात दिवाही तेच देईल. ते काढून टाकता येत नव्हतं, त्याच्या वेगाला कुंपण घालणंच हातात होतं.

ओपनसिम्युलेटर हा 2007 साली सुरू झालेला मुक्त स्रोत सर्व्हर आहे. तो नाशिकमधल्या एखाद्या कॉलेजच्या संगणकावरही बसवता येतो. त्याने या वादावर मला आवडलेलं उत्तर शोधलं. तिथं जादा फंक्शनांना धोक्याची पातळी दिलेली असते, ‘काहीच नाही’पासून ‘अतिगंभीर’पर्यंत. स्क्रिप्टमधून थेट सर्व्हरला हुकूम सोडणारं फंक्शन अर्थातच शेवटच्या पातळीत आहे. कुठल्या पातळीपर्यंत मोकळीक द्यायची ते सर्व्हरचा मालक ठरवतो. घाट उभारणारे विद्यार्थी ओळखीचे असतील तर कॉलेज बरंच काही खुलं करू शकेल. कुणीही यावं असं जग असेल तर तेच फंक्शन बंद ठेवणं शहाणपणाचं.

सेकंड लाइफसारख्या एकसंध जगाला अशी सूट नसते, आणि तिथं दिलेलं फंक्शन परत घेणं जवळपास अशक्य असतं. त्यावर हजारो वस्तू उभ्या राहतात, त्यांतल्या कित्येकांचे निर्माते ते जग केव्हाच सोडून गेलेले असतात. म्हणूनच ‘फास्ट’ आलं तरी जुन्या फंक्शनची डुलकी काढली नाही. तिच्या हिशेबाने बसवलेल्या वस्तू बिघडल्या असत्या.

त्यामुळे आधी चाचणी. सेकंड लाइफच्या मुख्य जाळ्याचं, म्हणजे लोक वावरतात त्या सगळ्या प्रदेशांच्या समूहाचं, अंतर्गत नाव अग्नी आहे आणि चाचणीच्या जाळ्याचं अदिती. नवं फंक्शन आधी अदितीवर येतं. पण अदितीवर गर्दी नसते, आणि गर्दीशिवाय भार कळत नाही. म्हणून पुढची पायरी अशी की अग्नीवरच्या काही प्रदेशांना सर्व्हरची नवी आवृत्ती आधी द्यायची आणि काही दिवस त्यांची बाकीच्यांशी तुलना करायची. इथं मोजणाऱ्याने सावध राहायला हवं. नव्या फंक्शनचा खर्च पहिल्याच दिवशी आलेखात दिसतो. बचत मात्र जुन्या वस्तू कुणीतरी नव्याने लिहिल्यावर, म्हणजे कित्येक महिन्यांनी दिसायला लागते. आठवडाभराचे आकडे पाहून फंक्शन महाग ठरवलं तर त्या 101 स्क्रिप्ट तशाच चालू राहतात. माझ्या मते फंक्शनसोबतच जुनी आडवाट बदलून दाखवणारी तयार स्क्रिप्ट वाटायला हवी, आणि मोजणी त्या वस्तू बदलल्यानंतर पुन्हा एकदा करायला हवी.