कोड्याचं प्रमाणपत्र कसं झालं: ‘बायबल कोड’ची पार्श्वभूमी

ईस्टरनंतरच्या शुक्रवारी चर्चमध्ये येशूच्या शिष्यांच्या जाळ्यात आलेल्या 153 मोठ्या माशांचं वाचन होतं. उत्तनच्या कोळीवाड्यात ते ऐकताना साधा प्रश्न पडतो: जाळं ओढल्यावर म्हावरं एकेक करून मोजत कोण बसलं? जुन्या काळच्या एका बिशपांनी याचं उत्तर बेरजेत शोधलं. 1 ते 17 या आकड्यांची बेरीज 153; आणि 17 म्हणजे 10 आज्ञा अधिक पवित्र आत्म्याची 7 दानं.

अशा मोजणीला भाषेचाच आधार होता. हिब्रूत अक्षर हाच आकडा. ‘दावीद’ची बेरीज 4+6+4, म्हणजे 14, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ तीन वेळा चौदा पिढ्यांची. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, प्रकटीकरणातला 666 हा आकडा काही जुन्या हस्तलिखितांत 616 आहे. ‘नेरो कैसर’ हे नाव हिब्रूत शेवटचा ‘न’ धरून लिहिलं तर पहिला आकडा येतो, सोडून लिहिलं तर दुसरा. बायबलच्या पहिल्या वचनात हिब्रूत 7 शब्द आणि 28 अक्षरं. हे कोणालाही बोटांवर मोजून पाहता येतं.

आज ठाण्यापासून नेरुळपर्यंत फोनवर फिरतो तो ‘कोड’ मात्र वेगळा. जुन्या पद्धतीत अक्षरांची बेरीज होती, यात अक्षरांवरून उड्या आहेत. बायबलच्या पहिल्या पुस्तकाची, उत्पत्तीची, 78,064 हिब्रू अक्षरं मोकळ्या जागा काढून सलग मांडायची आणि ठरावीक अंतर सोडून वाचायची. एवढ्या अक्षरांत छोटा शब्द कुठे ना कुठे सापडणारच. पण 1994 साली संख्याशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात तिघांनी दावा केला, की कित्येक शतकांनंतर जन्मलेल्या 32 ज्यू धर्मपंडितांची नावं आणि त्यांच्या जन्ममृत्यूच्या तारखा या मांडणीत एकमेकांजवळ येतात. हे योगायोगाने घडण्याची शक्यता 62,500 मध्ये 1.

परीक्षक चक्रावले. संपादकांनी निबंध छापला, सोबत टिपणी जोडली की वाचकांपुढे हे एक कोडं म्हणून ठेवत आहोत. सगळा घोळ इथून सुरू झाला. तीन वर्षांत एका पत्रकाराचं खपाऊ पुस्तक आलं, त्यात इस्रायली पंतप्रधानांच्या हत्येचं भाकीत ‘सापडलं’, आणि ‘कोडं’ हा शब्द गळून ‘शास्त्रज्ञांनी मान्य केलं’ एवढंच उरलं. छापलंच नसतं तर बरं, असं म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो, पटत नाही. न छापता परत पाठवलं असतं, तर ‘दडपलं’ ही बोंब झाली असती आणि कच्चा दुवा कोणी उघड केला नसता.

तो दुवा नावांत होता. आपल्याकडे ज्ञानेश्वर, ज्ञानदेव, ज्ञानोबा, माउली ही एकाच माणसाची नावं. त्या पंडितांचंही तसंच: पदव्या, ग्रंथांवरून पडलेली नावं, आद्याक्षरांची रूपं. कोणती घ्यायची, कोणती गाळायची यात भरपूर मोकळीक. 1999 साली चौघा टीकाकारांनी त्याच नियतकालिकात हे मांडलं. नावांची निवड थोडी बदलली, की एका जाडजूड रशियन कादंबरीच्या हिब्रू अनुवादातही तसाच ‘चमत्कार’ दिसतो, हे दाखवून देण्यात आलं. त्यांच्यातल्या एकाने देवमाशाच्या शिकारीवरच्या इंग्रजी कादंबरीत तर भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधींची हत्या शोधून दाखवली. फॉरवर्डमध्ये 1994 येतं, 1999 येत नाही.

हल्ली ‘मराठी बायबलमध्येही कोड आहे का’ असं विचारणारे भेटतात. हिब्रूत स्वर बहुधा लिहीतच नाहीत, म्हणून सुट्ट्या व्यंजनांच्या माळेतून हवे ते शब्द ओवणं सोपं जातं. आपली लिपी तेवढी सैल नाही. मोजायला बसलात तर आधी हे ठरवा: ‘ख्रिस्त’ हा शब्द दोन अक्षरांचा धरायचा की चार व्यंजनांचा, आणि वेलांटी कुठे मांडायची?