मराठवाड्यातील ख्रिस्ती धर्म

मराठवाड्यातील ख्रिस्ती धर्म : छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकापासून रुजलेली धर्मपरंपरा. अनुयायी थोडे आहेत. 2011च्या जनगणनेनुसार साऱ्या महाराष्ट्रातच ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्या आत होती. तरीही जगभर पसरलेला हा धर्म सत्तेचा आधार नसलेल्या मुलखात कसा रुजतो, हे पाहायला मराठवाड्यासारखा प्रदेश विरळा.

युरोपात या धर्माला राजाश्रय मिळाला. 313 मध्ये रोमन साम्राज्यात त्याला मोकळीक मिळाली आणि 380 मध्ये तो राजधर्म झाला. पुढे राजाने बाप्तिस्मा घेतला की प्रजाही त्याच्या मागे जाई. दक्षिण अमेरिकेत तो स्पॅनिश व पोर्तुगीज सत्तेबरोबर गेला, तर केरळात व्यापारी मार्गांनी फार पूर्वीच पोहोचला होता. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. औरंगाबाद, जालना, हिंगोली येथे हैदराबाद कंटिन्जंट या निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या फौजेच्या छावण्या आणि त्यांत इंग्रज अधिकारी होते. पण गावागावांत हुकूम चाले तो निजामाचा. त्यामुळे मिशनऱ्यांचे काम दरबाराच्या मर्जीवर चाले आणि त्याचा मोठा भार मराठी बोलणाऱ्या माणसांनीच उचलला.

त्यांत पहिले नाव रेव्ह. नारायण शेषाद्री यांचे. जन्माने ब्राह्मण असलेल्या शेषाद्रींनी 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. मुंबईतील स्कॉटिश मिशनरी नव्या फ्री चर्चकडे गेले आणि पुढे जालन्याचे काम उभे राहिले ते याच फ्री चर्चच्या वतीने. शेषाद्रींचा धाकटा भाऊ श्रीपत यालाही मिशनऱ्यांकडे ओढ होती. तो अल्पवयीन असल्याने वडिलांनी न्यायालयात धाव घेतली व मुलगा परत मिळवला. मग त्याला जातीत परत घ्यायचे की नाही, यावर मुंबईच्या ब्राह्मण समाजात रण माजले. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताच्या बाजूने उभे राहून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. धर्मांतर झाले एका घरात, पण विचार करावा लागला साऱ्या हिंदू समाजाला. ख्रिस्ती धर्माचा महाराष्ट्रावरील परिणाम बाप्तिस्म्यांच्या आकड्यांत मावत नाही तो यामुळेच.

1860 नंतर शेषाद्री जालना परिसरात आले. त्यांचे काम फळले ते मुख्यतः मांग समाजात. गावकुसाबाहेर राहणाऱ्या या कुटुंबांना ख्रिस्ती झाल्यावर जुन्या गावात टिकणे अवघड जाई. त्यांच्यासाठी शेषाद्रींनी हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले. मुसलमान दिवाणाने दिलेल्या जमिनीवर, ब्राह्मण कुळातून आलेल्या पाळकाने, मांग कुटुंबांसाठी उभारलेले हे ख्रिस्ती गाव मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासात फार वरच्या जागेचे मानकरी आहे. शाळेच्या पुस्तकांत त्याला दोन ओळी तरी मिळायला हव्यात. 1873 मध्ये शेषाद्री न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्स परिषदेतही बोलले. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या मिशनसंस्थेचे काम रतनजी नवरोजी या मूळच्या पारशी पाळकांनी दीर्घकाळ सांभाळले.

कॅथलिक मिशन नंतर आले. फ्रान्समधील ॲनसी येथे स्थापन झालेल्या फ्रान्सिस द सेल्स संघाच्या फादरांनी 1892 पासून वैजापूर तालुक्यातील घोगरगाव भागात काम सुरू केले. तेथील फादर गुरियन जाकियर यांच्यावर लोकांची आजही श्रद्धा आहे. औरंगाबाद हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत 1977 मध्ये झाला. प्रॉटेस्टंटांतील अनेक मंडळ्या 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकत्र आल्या.

‘भाकरीसाठी धर्म सोडला’ हा आरोप जुना आहे. 1876–78 आणि 1899–1900 च्या दुष्काळांत मिशनच्या कामांवर माणसे पोट भरायला आली, हे खरेच. पण दुष्काळ ओसरल्यावरही जे राहिले त्यांना अनेकदा बलुत्याचा वाटा आणि भावकी गमवावी लागली. शाळेची पाटी, दवाखान्यातील औषध आणि माणूस म्हणून नावाने मारलेली हाक यांचे मोल त्यांना जास्त वाटले.

शेजारच्या अहमदनगरमधून (आता अहिल्यानगर) आलेला वारसा याहून खोल रुजला. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाला आकार दिला. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात गायली. मराठवाड्यातील मंडळ्यांत टिळकांची गीते आजही म्हटली जातात आणि खेड्यांत नाताळच्या भजनाला टाळ-मृदंग लागतातच. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या छंदात येशूचे नाव आले, तेव्हाच हा धर्म येथे परका उरला नाही.

जात मात्र सुटली नाही. मांग ख्रिस्ती आणि महार ख्रिस्ती असा भेद सोयरिकीत टिकला; चर्चने त्यावर घाव घालायला कमी पडावे, हे दुःखद आहे. 1956 मध्ये डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारल्यावर मराठवाड्यातील महार समाज मोठ्या प्रमाणावर तिकडे वळला. अनुसूचित जातींचा दर्जा 1950 च्या आदेशाने मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला होता. तो 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. त्यामुळे रविवारी उपासनेला बसणारी काही कुटुंबे सरकारी कागदावर हिंदू मांग अशीच नोंद ठेवतात.