खाकी कागदाची साक्ष

1763 साली वेस्ट इंडिजहून परतलेलं 'अलार्म' हे ब्रिटिश लढाऊ जहाज तपासणीसाठी गोदीत आलं. त्याच्या पाण्याखालच्या भागावर दोन वर्षांपूर्वी तांब्याचे पत्रे ठोकले होते. ब्रिटिश आरमारात असा प्रयोग पहिल्यांदाच झाला होता, त्यामुळे पत्र्यांखाली काय निघतं याची सगळ्यांनाच उत्सुकता होती. पत्रा जिथे टिकला होता तिथे लाकूड जवळजवळ नव्यासारखं निघालं. पत्रे मात्र कित्येक ठिकाणी सुटून गेले होते, कारण त्यांना धरून ठेवणारे लोखंडी खिळे कुजून भुसभुशीत झाले होते. गंमत अशी, की त्यांतले काही खिळे बऱ्यापैकी शाबूत होते. जहाज तेच, पाणी तेच, खिळेही त्याच खेपेतले. मग हे कसे वाचले?

नीट पाहिल्यावर त्या खिळ्यांच्या डोक्याखाली खाकी कागदाचे तुकडे सापडले. तांब्याचे पत्रे गोदीत आले तेव्हा या कागदात गुंडाळलेले होते. ठोकणाऱ्यांनी कागद काढायचे कष्ट न घेता कुठे कुठे तसेच पत्रे ठोकून टाकले होते. ज्याने हा आळस केला त्याचं नाव इतिहासात नाही. असायला हवं होतं.

हा खटाटोप कशासाठी, हे कळायला आधी एका किड्याशी ओळख हवी. त्याला किडा म्हणायचं खरं तर चुकीचं आहे. इंग्रज खलाशी त्याला जहाजकिडा म्हणत, पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तो कालवं-तिसऱ्यांचा भाऊबंद, म्हणजे दोन शिंपल्यांचा प्राणी. शास्त्रीय नाव टेरेडो. याचं शरीर लांबलचक आणि किड्यासारखं मऊ असतं, आणि दोन शिंपले आक्रसून डोक्याशी आलेले असतात. त्या शिंपल्यांचा तो कानशीसारखा उपयोग करतो आणि लाकूड पोखरत जातो. पाण्यात तरंगणारी त्याची पिल्लं टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतात आणि आतल्या आत वाढतात. त्यामुळे बाहेरून फळी धडधाकट दिसते आणि आत चाळण झालेली असते. दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुकचं 'एंडेव्हर' हे जहाज 1770 मध्ये बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, दुरुस्तीसाठी उचललं, तेव्हा तळाच्या काही फळ्या इंचाच्या आठव्या भागाइतक्या पातळ उरल्या होत्या. एवढ्या पापुद्र्यावर माणसं पॅसिफिक ओलांडून आली होती!

आपल्या कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. कोरडं पडलेलं लाकूड या प्राण्याला मानवत नाही, त्यामुळे त्यात आपसूक थोडा बंदोबस्त होतो. शेकडो टनांचं लढाऊ जहाज काही वाळूवर ओढता येत नाही. म्हणून युरोपात तळावर डांबर आणि केसांचा थर देऊन वर साध्या लाकडाच्या फळ्यांचं अस्तर ठोकत. किड्याने आधी ते खावं, जहाज नंतर. 1670 च्या दशकात इंग्रजांनी शिशाचे पत्रेही लावून पाहिले. तेव्हाही सुकाणूचं लोखंड गंजल्याच्या तक्रारी आल्या आणि शिसं बाजूला पडलं. म्हणजे धोक्याची घंटा एकदा वाजून गेली होती, पण नव्वद वर्षांनी ती कोणाच्या लक्षात राहणार?

प्रयोगासाठी निवडलेलं 'अलार्म' 1758 मध्ये हार्विच इथे पाण्यात उतरलं होतं. ते फ्रिगेट प्रकारातलं जहाज होतं. आराखडा थॉमस स्लेडचा. याच स्लेडने पुढे ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं 'व्हिक्टरी' आखलं. लांबी सुमारे 125 फूट, रुंदी 35 फूट, माणसं 220 आणि तोफा 32. त्यांतल्या 26 तोफा 12 पौंडी, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपासचा गोळा फेकणाऱ्या, आणि त्या सगळ्या वरच्या डेकवर.

या रचनेतच फ्रिगेटचं मर्म आहे. त्याआधीच्या मध्यम जहाजांना तोफांचे दोन मजले असत. खालच्या मजल्याच्या खिडक्या पाण्याला इतक्या लगटून असायच्या, की समुद्र जरा खवळला की त्या बंदच ठेवाव्या लागत. ऐन वादळी हवेत निम्म्या तोफा नुसतं ओझं. 1740 च्या दशकात फ्रेंचांनी खालचा मजला तोफांपासून मोकळा केला, त्याची उंची कमी केली आणि सगळ्या मोठ्या तोफा एका उंच डेकवर आणल्या. जहाज बुटकं, निमुळतं, वेगवान झालं आणि खराब हवेतही लढू लागलं. इंग्रजांनी फ्रेंच जहाजं पकडली, मोजली आणि सरळ नक्कल केली. स्लेडची जहाजं त्याच वाटेवरची, फक्त अधिक दणकट बांध्याची. मोठ्या युद्धनौकांशी यांनी तोंड द्यायचं नव्हतं. टेहळणी करायची, निरोप पोचवायचे, शत्रूची व्यापारी जहाजं धरायची. वेग हेच ज्याचं भांडवल, त्या जहाजाच्या तळावर शेवाळ आणि बार्नॅकलचा, म्हणजे तळाला घट्ट चिकटणाऱ्या छोट्या कवचधारी समुद्री प्राण्यांचा, खरबरीत थर चढला की त्याचा उपयोगच संपतो. म्हणजे किड्याइतकाच हा थरही शत्रू होता.

तांबं या दोन्ही शत्रूंना कसं आवरतं? पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवायला लागलं नाही. आंबटाने भांड्यातलं तांबं विरघळतं आणि ताकात उतरतं. समुद्राच्या पाण्यातही तांब्याचा पृष्ठभाग अगदी सावकाश विरघळत राहतो आणि पत्र्यालगतचं पाणी जणू कायमचं 'कळकलेलं' असतं. टेरेडोच्या किंवा बार्नॅकलच्या पिल्लांना ते विषारी ठरतं. शिवाय झिजणाऱ्या वरच्या थराबरोबर त्याला चिकटलेलं काहीबाही गळून पडतं. 'अलार्म'वरचे पत्रे अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ होते, पण काम झालं. अस्तर अंगावर असतानाच जून 1762 मध्ये या जहाजाने क्यूबाजवळच्या खाडीत 'थेटिस' आणि 'फेनिक्स' ही दोन स्पॅनिश जहाजं पकडली. हवानावर चालून जाणाऱ्या ब्रिटिश ताफ्याच्या ते पुढे होतं.

आता खिळ्यांकडे येऊ. खारं पाणी विजेला वाट देतं. त्यात दोन निराळे धातू एकमेकांना टेकले की त्यांची एक बॅटरीच तयार होते. लोखंड इलेक्ट्रॉन देतं, तांबं ते घेतं, आणि देणाऱ्याचे कण पाण्यात विरघळत जातात. त्यातही प्रमाण पाहा. तांब्याचा अवाढव्य विस्तार एकीकडे आणि खिळ्याचं एवढंसं डोकं दुसरीकडे. एवढ्या मोठ्या पृष्ठभागाची भूक इवल्याशा खिळ्याला भागवावी लागते, त्यामुळे तो एरवी गंजला असता त्याच्या कितीतरी पट वेगाने संपतो. खाकी कागदाने एवढंच केलं, की दोन धातूंना एकमेकांना टेकू दिलं नाही.

तपासणी करणाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले 1791 मध्ये, व्होल्टाची बॅटरी आली 1800 मध्ये, आणि इलेक्ट्रॉनचं नाव ऐकायला आणखी शतक लागणार होतं. तरीही गोदीतल्या माणसांनी बरोबर निष्कर्ष काढला: समुद्राच्या पाण्यात लोखंड आणि तांबं एकमेकांना लागू देऊ नये. कारण न कळता उपाय अचूक सापडल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण माझ्या तरी पाहण्यात दुसरं नाही. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यात तांब्याची कातडी आणि लोखंडी सांगाडा यांच्यामध्ये अस्बेस्टॉसचा थर दिला होता, तो हाच खाकी कागद. तो थर खराब झाला आणि 1980 च्या दशकात सांगाड्याच्या पट्ट्या बदलाव्या लागल्या.

आता थोडं विषयांतर. पुढच्या काळात 'अलार्म' भूमध्य समुद्रात गेलं ते कॅप्टन जॉन जर्व्हिसच्या हाताखाली. 1769 मध्ये जिनोआला दोन तुर्की गुलाम पळून या जहाजाच्या होडीत शिरले आणि ब्रिटिश निशाण अंगाला गुंडाळून बसले. जिनोआच्या पहारेकऱ्यांनी त्यांना ओढून नेलं, त्यात निशाण फाटलं. जर्व्हिसने दोन्ही माणसं आणि निशाणाचा फाटका तुकडासुद्धा परत मागितला, आणि मिळवला. पुढच्याच वर्षी मार्सेयच्या किनाऱ्यावर वादळात 'अलार्म' खडकांवर आपटत होतं, तेव्हा ते वाचवलं एका फ्रेंच अधिकाऱ्याने. त्याचं नाव प्लेव्हिल ल पेली. एक पाय लाकडी असलेला हा माणूस कमरेला दोर बांधून खडकावरून खाली उतरला आणि जहाजापर्यंत दोर पोचवला. ब्रिटिश आरमाराने भेट पाठवून त्याचे आभार मानले. 1797 मध्ये तो फ्रान्सचा नौदलमंत्री झाला, आणि त्याच वर्षी जर्व्हिसने सेंट व्हिन्सेंटच्या भूशिराजवळ स्पॅनिश आरमाराला हरवलं.

'अलार्म'च्या धड्याचं आरमाराने काय केलं? बराच काळ फारसं काही नाही. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स आणि स्पेनही अंगावर आले आणि जहाजं कमी पडू लागली, तेव्हा नौदलाचे कारभारी चार्ल्स मिडलटन यांनी सगळ्या ताफ्यालाच तांबं चढवायचं ठरवलं. 1779 ते 1781 या काळात ते घाईघाईने झालं. खिळ्यांचा प्रश्न मिटला होता, पण जहाजाच्या फळ्या एकत्र बांधणारे लांब बोल्ट लोखंडाचेच होते. मध्ये जाड कागदाचे थर घालून ते सुरक्षित राहतील अशी आशा होती. वेगाचा फायदा लगेच दिसला. एप्रिल 1782 मध्ये कॅरिबियन समुद्रात सेंट्सच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती रॉडनीच्या ताफ्याचे तळ तांब्याचे होते, आणि त्या ताफ्यासोबत आमचं जुनं 'अलार्म'ही होतं.

बोल्टचं बिल मात्र त्यानंतर आलं. कागद समुद्रात किती दिवस टिकणार? आतल्या आत बोल्ट कुजू लागले. बाहेरून पाहून ते कळायची सोय नव्हती. तांबं सोडूनच द्यावं की काय, इथपर्यंत विचार गेला. बोल्टही तांब्याचे करावेत, हा उपाय उघड होता, पण तांबं मऊ. जाड ओक लाकडातून घणाने ठोकत नेलेला तांब्याचा बोल्ट मध्येच वाकतो. तोड निघाली 1783 च्या सुमारास: तांबं थंड असतानाच रुळांमधून दाबून आणि ओढून त्याचे दांडे करायचे. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला यात नवल वाटणार नाही. मठारलेलं भांडं साध्या पत्र्याच्या भांड्यापेक्षा कडक का असतं, त्याचं उत्तर हेच. धातू थंड असताना ठोकला की आतल्या स्फटिकांची रचना गुंतत जाते आणि थर एकमेकांवरून सहज सरकेनासे होतात. तांब्याची तार दोन-चार वेळा वाकवून पाहा, वाकवल्या जागी ती हट्टी होते.

'अलार्म' नंतरही बरंच जगलं. मे 1796 मध्ये त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला त्याच्या माणसांची फ्रेंचांशी गावात मारामारी झाली. कॅप्टन व्हॉन तर हत्यारबंद खलाशी घेऊन किनाऱ्यावर उतरला. स्पेनने त्याच वर्षी ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारताना जी गाऱ्हाणी मांडली त्यांत हा प्रकारही होता. 1797 च्या फेब्रुवारीत त्रिनिदाद घेणाऱ्या ब्रिटिश ताफ्यात 'अलार्म' होतंच. 1812 मध्ये पोर्ट्समथला ते मोडीत काढलं. चोपन्न वर्षं म्हणजे लाकडी जहाजाच्या मानाने दीर्घायुष्य.

तांब्याची गोष्ट तिथे थांबत नाही. लोखंड मरून तांबं वाचतं, तर मग हाच नियम मुद्दाम वापरून तांब्याची झीज थांबवता येईल, असं ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या लक्षात आलं. 1824 मध्ये त्याने कोचीच्या गोदीत सागवानातून बांधलेल्या 'समरंग' या जहाजाच्या तांब्याला ओतीव लोखंडाचे तुकडे जोडले. लोखंड गंजत राहिलं आणि तांबं चकाकत राहिलं. आज गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते, तिचं काम हेच: टाकीऐवजी आपण झिजायचं. डेव्हीचं गणित अगदी बरोबर होतं. पण अशी लोखंड लावलेली आणखी जहाजं परत येऊ लागली, तेव्हा त्यांच्या तळांवर शेवाळ आणि बार्नॅकलचं रान माजलेलं होतं. तांबं विरघळायचं थांबलं होतं, त्यामुळे पाण्यात विष उतरायचंही थांबलं होतं. 1825 मध्ये आरमाराने समुद्रावर जाणाऱ्या जहाजांवरचे ते तुकडे काढून टाकायला सांगितले, आणि तांब्याला पुन्हा झिजू दिलं.