वैद्यकीय जामीन म्हणजे मुदतपूर्व सुटका नव्हे

सत्तरी ओलांडलेला एखादा कैदी तुरुंगात अंथरुणाला खिळला आणि बाहेर आला, की बातमी येते: ‘वैद्यकीय कारणावरून सुटका’. आत वाचावं तर कुणाला दोन महिन्यांचा अंतरिम जामीन मिळालेला असतो, कुणाच्या शिक्षेला अपिलाचा निकाल लागेपर्यंत स्थगिती असते, कुणी नुसता रजेवर आलेला असतो. खरीखुरी सुटका क्वचितच. मग कैद्याचे नातेवाईक ती बातमी घेऊन वकिलाकडे जातात, ‘त्यांना सोडलं, मग आमच्या बाबांना का नाही?’ म्हणतात, आणि अर्ज भलत्याच दारात जाऊन पडतो. धडधाकट कैद्याच्या बाबतीत अशा अर्जात काही महिने वाया जातात. ज्याच्याकडे उरलेच काही महिने आहेत, त्याचं त्यात सगळंच जातं.

जामीन तुम्हाला ठाऊक आहे. कच्चा कैदी, खटला चालू, कोर्ट अटी घालून बाहेर सोडतं. आजारी किंवा अशक्त आरोपीसाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 437 मध्ये वेगळी मुभा होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच कलम 480 मध्ये आहे. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते आणि त्यातले जवळपास 76 टक्के कच्चे. त्यामुळे बहुतेक आजारी म्हाताऱ्या कैद्यांची वाट इथूनच जाते. मुदतपूर्व सुटका शिक्षा लागलेल्या कैद्याची, आणि ती द्यायचा अधिकार सरकारचा. इथपर्यंत कुणी फारसं अडखळत नाही.

पॅरोल आणि फर्लो यांवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण शेवटच्या आजारात या दोन्हींचा उपयोग थोडा. आपल्याकडे 1959 च्या नियमांनुसार फर्लो ही संचित रजा, तिचे दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोल ही अभिवचन रजा, तिचे दिवस शिक्षेत मोजत नाहीत. शिवाय पॅरोलची कारणं मुख्यतः घरच्यांची: आईवडील, बायकामुलं यांचा गंभीर आजार, मृत्यू, लग्नकार्य. कैद्याला स्वतःलाच कॅन्सर झालाय आणि कुणी पॅरोलच्या अर्जावर सगळी भिस्त ठेवतोय, हे पाहिलं की मला राहवत नाही. रजा संपली की त्या माणसाला परत तुरुंगाच्या दारात हजर व्हायचंय, हे ध्यानात घ्या.

आता खरी अडचण. जामीन आणि सुटका यांत समोरचा अधिकारी वेगवेगळा प्रश्न विचारतो. लोक नेमके इथे फसतात, आणि वकीलही फसतात.

वैद्यकीय जामिनाच्या अर्जावर कोर्ट विचारतं: याला जे उपचार लागतात ते तुरुंगात किंवा सरकारी रुग्णालयात मिळू शकतात का? सरकारी वकील उठून सांगतो, तुरुंगात डॉक्टर आहे, गरज पडली तर मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात नेऊ. अहवाल येतो, ‘प्रकृती स्थिर’. या दोन शब्दांचा मला मनापासून राग आहे. स्थिर म्हणजे नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन ठीक. ज्याचा कॅन्सर हाडांत पसरलाय, जो कूस बदलायला दुसऱ्याची वाट पाहतो, त्याचाही रक्तदाब ठीक असू शकतो. आणि ज्या आजारावर उपचारच उरलेले नाहीत, त्यात तर प्रश्नच उलटा बसतो. डॉक्टर प्रामाणिकपणे लिहितो, ‘आता फक्त वेदनाशमन व शुश्रूषा’. कोर्टात त्याचा अर्थ लागतो: मोठे उपचार नकोत ना, मग तुरुंगात राहायला हरकत काय? बाप मरणपंथाला लागलाय हे दाखवायला मुलाने जो कागद आणला, तोच त्याच्या विरोधात जातो.

एल्गार परिषद खटल्यातले आरोपी, आदिवासींसाठी काम करणारे पाद्री स्टॅन स्वामी यांचं प्रकरण या चष्म्यातून पुन्हा पाहा. 8 ऑक्टोबर 2020 ला रांचीहून अटक झाली तेव्हा ते 83 वर्षांचे होते, पार्किन्सनने हात थरथरत होते, आणि तळोजा तुरुंगात पाणी पिण्यासाठी नळी असलेला कप मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. मे 2021 मध्ये ते दूरदृश्य प्रणालीवरून मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. आठ महिन्यांपूर्वी आपण स्वतः चालत होतो, स्वतः जेवत होतो, आता घास भरवावा लागतो, असं त्यांनी सांगितलं. जे. जे. त दाखल व्हायला त्यांनी नकार दिला. आपल्या माणसांत, रांचीला जाऊ द्या, एवढंच मागणं होतं. न्यायमूर्ती कोणतं रुग्णालय चालेल ते विचारत होते. स्वामी रुग्णालय मागतच नव्हते. अखेर 28 मे ला वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्याचा आदेश झाला, आणि 5 जुलैला, जामिनाची सुनावणी लागलेल्या दिवशीच, ते तिथे वारले. आदेश दुष्टाव्याने दिला असं मी म्हणत नाही. जामिनाच्या चौकटीत ‘उपचार कुठे’ एवढाच प्रश्न मावतो आणि कोर्टाने त्याचं उत्तर दिलं. ‘मरण कुठे यावं’ हा प्रश्न त्या चौकटीत मावत नाही. सन्मानाने मरण हा संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 ला मान्य केलंय. तुरुंगातल्या म्हाताऱ्यापर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

बरं, जामीन मिळाला म्हणजे घरी जायला मिळतं असंही नाही. त्याच खटल्यातले तेलुगू कवी वरवरा राव हैदराबादचे. 22 फेब्रुवारी 2021 ला उच्च न्यायालयाने त्यांना सहा महिन्यांचा वैद्यकीय जामीन दिला, पण मुंबई सोडायची नाही या अटीवर. 10 ऑगस्ट 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने मुदतीची अट काढली, परवानगीशिवाय मुंबईबाहेर न जाण्याची अट मात्र राहिली. ऐंशी पार केलेल्या माणसाने परक्या शहरात भाड्याच्या घरात आजारपण काढायचं. सुटका झालेल्या कैद्यावर सहसा असं बंधन नसतं.

कायद्याकायद्यांतही फरक आहे. आर्थिक गैरव्यवहाराच्या पीएमएलए कायद्यात, कलम 45 मध्ये, आजारी किंवा अशक्त आरोपीसाठी कडक अटींना अपवाद आहे. जेट एअरवेजचे संस्थापक, कॅन्सरग्रस्त नरेश गोयल यांना मे 2024 मध्ये दोन महिन्यांचा जामीन मिळाला आणि नोव्हेंबरमध्ये तो कायम झाला. दहशतवादविरोधी यूएपीए कायद्याच्या कलम 43ड(5) मध्ये असा अपवाद नाही. तिथे उच्च न्यायालयात थेट कलम 21 वर बोलावं लागतं. म्हणून ‘गोयलना मिळाला, आम्हालाही मिळेल’ हा हिशेब मांडण्याआधी कलम कोणतं लागलंय ते पाहा.

आता पक्का, म्हणजे शिक्षा लागलेला, कैदी. इथे प्रश्न वेगळा: हा माणूस बरा होण्यापलीकडे गेलाय का, पुन्हा गुन्हा करण्याच्या स्थितीत आहे का, आणि त्याला आत ठेवून आता काय साधतं? हा प्रश्न मरणाच्या दारातल्या माणसाला नेमका लागू पडतो. पण दार अरुंद आहे. शिक्षेत माफी द्यायचा सरकारचा अधिकार जुन्या कलम 432 मध्ये होता, आता तो 473 मध्ये आहे. फाशी होऊ शकेल अशा गुन्ह्यात जन्मठेप लागली असेल तर जुनं 433अ, म्हणजे आताचं 475, चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सोडू देत नाही. आजार कितीही गंभीर असो. केंद्रीय यंत्रणेने तपास केला असेल तर केंद्राची सहमतीही लागते.

पाचव्या वर्षी यकृताचा कॅन्सर निघाला तर? इथे बहुतेक जण हात टेकतात, आणि इथेच टेकू नयेत. चौदा वर्षांची अट राज्यपालांच्या शिक्षामाफीच्या, संविधानातल्या कलम 161 च्या अधिकाराला बांधत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मारू राम खटल्यात 1980 मध्येच सांगितलंय. अर्जावर ‘संविधानाच्या कलम 161 खाली’ असं स्पष्ट लिहा. नुसता ‘दयेचा अर्ज’ लिहिलात तर तो माफीच्या नेहमीच्या फायलीत जाऊन चौदा वर्षांच्या अटीवर परत यायची भीती असते. आणि अपील प्रलंबित असेल तर त्याच वेळी शिक्षा स्थगितीचा अर्ज उच्च न्यायालयात टाका, जुनं कलम 389, आताचं 430. एकाचा निकाल लागेपर्यंत दुसरा थांबवून ठेवणं मला अजिबात पटत नाही.

दोन्ही वाटा किती वेगळ्या, ते जन्मठेपेचा कैदी अरुण गवळी याच्या प्रकरणात दिसतं. 65 वर्षांवरील अशक्त जन्मठेपींना चौदा वर्षांनंतर सोडण्याचं राज्याचं 10 जानेवारी 2006 चं धोरण होतं. त्याच्या आधारे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 5 एप्रिल 2024 ला त्याच्या बाजूने निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जूनमध्ये त्या निकालाला स्थगिती मिळाली. सप्टेंबर 2025 मध्ये तो नागपूर तुरुंगातून बाहेर आला, पण वयामुळे मुदतपूर्व सुटका होऊन नाही. अपील वर्षानुवर्षं रखडलं म्हणून मिळालेल्या जामिनावर. ‘गवळीला वयामुळे सोडलं’ असं ज्यांनी धरून ठेवलंय, त्यांनी आपल्या माणसाच्या अर्जात तो दाखला देऊ नये.

डॉक्टरांच्या कागदाबद्दल शेवटचं. दोन अर्जांना एकच दाखला जोडू नका. जामिनासाठी लिहून घ्या की कोणती गोष्ट तुरुंगात मिळत नाही: मॉर्फिन तिथे मिळतं का, रात्री डॉक्टर असतो का, शौचाला कोण नेतं, रुग्णालयाच्या किती तारखा पोलीस गार्ड न मिळाल्याने हुकल्या. सुटकेसाठी लिहून घ्या की आजार कोणत्या टप्प्यात आहे, सुधारण्याची शक्यता किती, अंदाजे किती आयुष्य उरलंय, माणूस स्वतः उठू-बसू-जेवू शकतो का. हे दुसरं शक्य असेल तर पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदनाशमन व शुश्रूषेच्या, विभागाच्या डॉक्टरकडूनच घ्या, सर्जनकडून नको. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि वृद्ध व असाध्य आजाराच्या कैद्यांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने डिसेंबर 2024 मध्ये खास मोहीम सुरू केली होती. तिचा उल्लेख अर्जात करा, आणि ‘प्रकृती स्थिर’ असा अहवाल आला तर त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवा.