एडिंबराचा पियानो आणि केशव साठ्यांचा तबला

जाझ आणि रागसंगीत यांच्या मिलाफाचा विषय निघाला की आपल्याकडे महाविष्णू ऑर्केस्ट्रा किंवा शक्ती यांचे नाव लगेच घेतले जाते. या दोन्ही गटांच्या बऱ्याच आधी, ऑक्टोबर १९६५ मध्ये, लंडनमध्ये दहा वादक एका ध्वनिमुद्रणासाठी एकत्र आले होते. त्यांत तबल्यावर मुंबईचे केशव साठे होते आणि पियानोवर एडिंबराचे पॅट स्माइथ. साठ्यांवर मराठीत स्वतंत्रपणे लिहिले गेले पाहिजे. हे टिपण स्माइथ यांच्याविषयी आहे.

पॅट्रिक मंगो स्माइथ यांचा जन्म २ मे १९२३ रोजी एडिंबरा येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात होते आणि तेथेच त्यांनी नोकरी सांभाळून जाझ वाजवायला सुरुवात केली. युद्ध संपल्यावर एडिंबरात त्यांनी वकिली केली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे वयाच्या पस्तिशीच्या आसपास, त्यांनी हा प्रतिष्ठेचा पेशा सोडला आणि पूर्णवेळ पियानो वाजवण्यासाठी लंडन गाठले. कॅरिबियन बेटांतून आलेले अनेक गुणी कलावंत तेव्हा लंडनच्या जाझमध्ये होते. जमैकाचे ट्रम्पेटवादक डिझी रीस यांच्यासोबत काही काळ वाजवल्यावर स्माइथ १९६० मध्ये जो हॅरियट यांच्या पंचकात, म्हणजे पाच वादकांच्या गटात, दाखल झाले आणि त्यांच्या कारकिर्दीला खरी दिशा मिळाली.

हॅरियट १९२८ साली किंग्स्टनमध्ये जन्मले आणि १९५१ मध्ये इंग्लंडला आले. आल्टो सॅक्सोफोनवर त्यांचा विलक्षण हात होता. १९५८ साली आजारपणामुळे इस्पितळात असताना त्यांच्या मनात एका नव्या संगीताची कल्पना आकाराला आली. ठरलेली धून, ठरलेल्या कॉर्ड्सचा (एकत्र वाजवल्या जाणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांचा) क्रम, अखंड चालणारा चार मात्रांचा ठेका आणि मोजून घेतलेली आवर्तने या जाझच्या चौकटी मोकळ्या करायच्या, मात्र प्रत्येक रचनेत त्यांपैकी निदान एक तरी टिकवायची, असे त्यांचे सूत्र होते. हे सर्वांनाच पटले नाही आणि गटातले काही जुने वादक बाहेर पडले. पियानोवरील हॅरी साउथ यांची जागा स्माइथ यांनी घेतली. ट्रम्पेटवर सेंट व्हिन्सेंटचे शेक कीन, डबल बासवर जमैकाचे कोलरिज गुड आणि ड्रम्सवर फिल सीमन अशा या पाच जणांनी नोव्हेंबर १९६० मध्ये ‘फ्री फॉर्म’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला.

या ठिकाणी पियानोवादकाची अडचण समजून घेतली पाहिजे. एरवी जाझमध्ये पियानो कॉर्ड्स पुरवतो आणि त्या आधारावर बाकीचे विस्तार करतात. कॉर्ड्सचा क्रमच नसेल, तर पियानोने करायचे काय? अमेरिकेत ऑर्नेट कोलमन यांच्या ज्या चौकडीने १९५९ साली खळबळ उडवली, तिच्यात पियानो नव्हताच. हॅरियट यांनी तो ठेवला आणि स्माइथ यांनी त्याला नवे काम शोधून दिले. आधार पुरवण्याऐवजी ते संवाद करतात: सॅक्सोफोनच्या वाक्याला दोन-तीन स्वरांचे उत्तर देतात, मध्येच एखादा दाट स्वरसमूह ठेवून हात काढून घेतात आणि बराच वेळ गप्पही राहतात. कधी बोलू नये हे कळणारा साथीदार आपल्या मैफलीतही दुर्मीळ असतो. पुढच्या ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ या अल्बमला अमेरिकेच्या ‘डाउन बीट’ मासिकाने पाच तारे दिले. ब्रिटिश जाझला तोवर तो मान मिळाला नव्हता. त्यानंतर ‘मूव्हमेंट’ आणि ‘हाय स्पिरिट्स’ हे अल्बम आले आणि १९६५ च्या सुमारास पंचक फुटले.

त्याच वर्षीचे ते दहा वादकांचे ध्वनिमुद्रण म्हणजे ‘इंडो-जाझ सूट’. त्याचे रचनाकार जॉन मेयर हे कोलकात्याचे. मुंबईत मेहली मेहता यांच्याकडे व्हायोलिन शिकून ते १९५२ साली शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल अकॅडमीत गेले होते. त्यांनी हॅरियट यांच्या पाच जणांसमोर दुसरे पंचक बसवले: स्वतः व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्डवर, सतारीवर दिवाण मोतीहार, तबल्यावर साठे, तानपुऱ्यावर चंद्रहास पैगणकर आणि बासरीवर ख्रिस टेलर. चार रचनांपैकी दोन थेट रागांच्या नावाच्या होत्या: मेघ आणि गौड सारंग.

पियानोसाठी ही परीक्षा अधिक कठीण होती. त्याच्या पट्ट्यांवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) निघत नाही आणि श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म भेद) साधत नाहीत; याच कारणांवरून ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून सुमारे तीस वर्षे हार्मोनियमला दूर ठेवले होते. शिवाय मेघात गंधार वर्ज्य असतो. पाश्चात्त्य कॉर्ड मेजर की मायनर हे षड्जापासूनच्या गंधारावर ठरते, त्यामुळे जाझ पियानोवादकाची सवयीची वाटच येथे बंद होते. गौड सारंगात दोन मध्यम आणि वक्र चलन असल्याने सरळ धावणाऱ्या बोटांनाही अडवले जाते. फ्री फॉर्ममध्ये थोडके वाजवण्याची सवय झालेले स्माइथ या कामाला योग्य होते, असे मला मनापासून वाटते. ‘इंडो-जाझ फ्यूजन्स’ या नावाने निघालेल्या पुढच्या दोन्ही अल्बममध्येही पियानोवर तेच होते.

नंतर स्माइथ मुक्तपणे साथ करत राहिले. स्टॅन गेट्झ, बेन वेबस्टर, झूट सिम्स असे मातब्बर सॅक्सोफोनवादक आणि अनिता ओ’डे, ब्लॉसम डिअरी यांच्यासारख्या गायिका यांना त्यांची साथ लाभली. १९८२ साली वॉशिंग्टनमध्ये झालेल्या सँड्रा किंग यांच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात रचना व्हर्नन ड्यूक यांच्या आहेत आणि गायिकेमागे स्माइथ यांचा पियानो आहे.

साठावा वाढदिवस झाल्यानंतर चौथ्या दिवशी, ६ मे १९८३ रोजी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ एक विश्वस्त निधी स्थापन झाला आणि त्यातून गुणी तरुण जाझ वादकांना पॅट स्माइथ पुरस्कार दिला जाऊ लागला.